बायकांच्या दाराची कडी

हरिओम, तो मोबाईल पालथा ठेव. उजेड डोळ्यांत जातो. लाईट येईल तेव्हा येईल. गच्चीवर वारं आहे, अंथरुणं घातलेली आहेत, घाई कुणाला आहे?

तुम्ही पोरं मघापासून ते जुने भुताचे पिक्चर लावून हसून राहिलात, म्हणून बोलतो. नाहीतर ही गोष्ट मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही. ऐकीव नाही ही. जिच्यावर हे गुदरलं तिच्यासंगं मी लातूरला नऊ वर्षं एका छपराखाली नोकरी केली. मी खाली तिकिटाच्या खिडकीत, ती वरच्या दारावर. अख्तरीबी तिचं नाव. मला ती गुरुपादभाऊ म्हणायची.

तुम्ही लातूरला क्लासला जाता, म्हणून तुम्हाला वाटतं तिथं पहिल्यापासून क्लासच होते. तसं नाही. आता जिथं पोरींचं चार मजली होस्टेल उभं आहे तिथं आमचं नूरमहल टॉकीज होतं. खाली गडीमाणसं, वर बाल्कनीच्या मागच्या अंगाला बायका. बायकांना जिना वेगळा, दार वेगळं. दाराला हिरवा ऑइलपेंट, त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं, 'स्त्रिया'. त्या दारावर अख्तरीबी असायची. उंचीपुरी बाई, हाडापेरानं मजबूत, पानानं ओठ लाल. कुणी टवाळ पोरगं वर चढलं तर गचांडी धरून तीन पायऱ्यांत खाली आणायची. खेड्यापाड्यांतले नवरे आपल्या बायकांना सांगायचे, अख्तरीबी दारावर असली तरच जा. हे ध्यानात ठेवा. ती वाईट बाई नव्हती.

त्र्याण्णवच्या भूकंपात टॉकीजच्या भिंतीला हात जाईल अशी भेग पडली. बंद झालं ते कायमचं. अख्तरीबी अहमदपूरला लेकाकडं राहायला गेली. लेक शारिक, मोटारींच्या सीटा शिवायचं दुकान. तिथून पंचवीस वर्षं ती बाई लातूरला गेली नाही. सोयऱ्यांची लग्नं झाली, मयती झाल्या, ही गेली नाही. डोळ्याचं ऑपरेशन करायचं तर लातूर जवळ असून नांदेडला जाऊन केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "लातूरचं पाणी मला बाधतं."

शारिकची मोठी पोरगी मनतशा. अख्तरीबीचा सगळा जीव त्या पोरीत. दहावीला चांगले मार्क पडले, डॉक्टरकीचं वेड घेतलं, मग लातूर सोडून कुठं घालणार? शारिकनं तिला तिथल्या एका होस्टेलला ठेवलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक टॉकीज कुठं होतं! तो लहानपणापासून अहमदपूरला आजोळी वाढलेला.

सन दोन हजार अठरा. सप्टेंबरची एकोणतीस तारीख, शनिवार. दुपारी मनतशाचा फोन आला. डास लई झालेत, रात्रभर झोप न्हाई, उद्या सकाळी नऊला टेस्ट हाय, मच्छरदाणी तेवढी पाठवा. शारिक गिऱ्हाइकाची जीप घेऊन उदगीरला गेलेला. सून तापानं पडलेली. अख्तरीबी घटकाभर ओट्यावर बसून राहिली. मग उठली, मच्छरदाणीची घडी पिशवीत घातली, डब्यात बगारा भात अन् दालचा भरला आणि साडेतीनची एसटी धरली. सुनेला म्हणाली, "देऊन उलट्या पावली येते."

आष्टामोडला टायर फुटलं. दुसरी गाडी येईस्तोवर अंधार पडला. लातूरला उतरली तेव्हा साडेआठ वाजून गेलेले. रिक्षावाल्यानं कुठल्या कुठल्या बोळांतून नेलं. रस्ते रुंद झालेले, दोन्ही अंगांना क्लासचे बोर्ड, बोर्डांवर पोरापोरींचे फोटो. ओळखीचं काही दिसेना. तिला उलट बरं वाटलं. म्हणाली मला नंतर, "भाऊ, मला वाटलं, गेलं ते लातूर. मेलं ते."

होस्टेलची वार्डन भामाबाई. साधी बाई, मुरुडकडची. म्हणाली, "आज्जी, आता रातच्याला कुठं जाता? पोरीपाशी झोपा. तिसरी खाट रिकामीच हाय, ती पोरगी आजारी पडून गावी गेली."

दुसऱ्या मजल्यावरची खोली. मनतशाच्या जोडीला किनवटची ऋतुजा नावाची पोरगी. गोड पोरगी, लगेच दादी दादी करायला लागली. तिघी जेवल्या. दालच्याची वाटी ऋतुजानं बोटानं पुसून खाल्ली. मनतशाच्या खाटेला मच्छरदाणी बांधून झाली. पोरी पुस्तकं घेऊन बसल्या, अख्तरीबी आडवी झाली.

साडेअकराच्या सुमाराला ऋतुजानं पुस्तक मिटलं. "मनतशा, बस झालं. दहा मिनिटं तो भुताचा पिक्चर बघू, मग झोपू. कालचा राहिलाय अर्धा."

"डोकं दुखतंय माझं."

"हसलं की जातंय. रबराचं भूत हाय त्यात. पाठीमागची चेन दिसतीया."

दोघी एका खाटेवर टेकून बसल्या, मोबाईल गुडघ्यावर. स्वस्तातला जुना हिंदी पिक्चर. मी नाव घेत नाही. पोरी खिदळत होत्या, अख्तरीबी पडल्या पडल्या बघत होती. डोळ्यावर झापड आलेली.

आणि पडद्यावर एक जिना आला.

लाल फरशीच्या पायऱ्या. खालून चौथी फुटकी.

अख्तरीबी उठून बसली. "थांब. हे कुठलं हाय?"

ऋतुजा म्हणाली, "असंल मुंबईचं एखादं टॉकीज, दादी. असल्या पिक्चरांत जुनी जुनी टॉकीजं दिसत्यात. आता सगळी पाडली."

जिना संपला. हिरवं दार आलं. दाराशेजारी एक झरोका, झरोक्यातून लांबवर मशिदीचा एक मिनार. मिनारावर पत्र्याचा चांद, डावीकडं कललेला.

अख्तरीबी खाटेवरून उतरली, खोलीच्या खिडकीपाशी गेली, काच सरकवली. बाहेर क्लासच्या बोर्डांचा उजेड. त्याच्या पल्याड मिनार. वर चांद, डावीकडं कललेला. तेवढ्याच अंतरावर, तेवढाच उंच.

नऊ वर्षं ज्या जागेवर उभी राहून ती तो चांद बघायची, त्याच जागेवर ती उभी होती. फक्त आता तिथं तिची नात झोपत होती.

इथं जरा मागचं सांगावं लागतं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एक्क्याण्णवची गोष्ट, संक्रांतीनंतरची. मुंबईहून शूटिंगवाले आले. चार दिवस टॉकीज त्यांच्या ताब्यात. टॉकीजमध्ये पिक्चर बघत बसलेल्या बाईला भूत मागून येऊन धरतं, असा सीन. त्यांनी आणलेली बाई शेवटच्या दिवशी अडून बसली. म्हणाली, असलं मी करणार नाही. दिग्दर्शक अख्तरीबीला म्हणाला, तुमच्यातली एखादी बाई बघा, फक्त बसायचं आन् किंचाळायचं.

आमच्या फाटकाशी सिंधु नावाची एक जण शेंगा-फुटाणे विकायची. तेवीस-चोवीस वर्षांची, हसऱ्या तोंडाची. नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. गाव किल्लारीच्या अंगचं. इंटरव्हलला ती टोपली घेऊन बायकांत फिरायची, दुपारची भाकर अख्तरीबीसंगं जिन्यात बसून खायची. अख्तरीबीनं तिला विचारलं. ती लाजली, म्हणाली, "मी पिक्चरमधी? तुम्ही दारावर राहणार असाल तर बसते."

तिला कुणी सांगितलं नाही की मागून माणूस येणार आहे. सांगितलं नाही की लुगड्याला हात घालणार आहे. खरी भ्यायला पाहिजे, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. अख्तरीबीला त्यानं एवढंच बजावलं, मी थांबा म्हणेस्तोवर दार उघडायचं नाही, नाहीतर सगळी रीळ वाया जाईल. अख्तरीबी बाहेर जिन्यात, कडी लावून उभी.

आतून किंकाळी आली. मग धावल्याचा आवाज. मग दारावर थापा.

"अख्तरीबी, दार उघड."

कडी हिच्या मुठीत होती. हिला आवाजावरून कळलं की ही सोंग करत नाही. कळलं तिला, हे तिनं स्वतः मला सांगितलं. पण मोठी माणसं, त्यांचं मशीन, त्यांचा खर्च... ही दाराला तोंड लावून म्हणाली, "जरा थांब गं. थोडंच राहिलंय."

चार मिनिटं असतील. चार मिनिटं थोडी नसतात.

दार उघडलं तेव्हा सिंधु दोन्ही हात छातीशी धरून बाहेर आली. हिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसानंतर ती जिना कधी चढली नाही.

आणि मी? मी खाली खिडकीत बसलो होतो. मलाही ऐकू आलं. मला वाटलं, शूटिंग आहे.

वर्षानं पिक्चर आमच्याच टॉकीजला लागला. गर्दी मावेना. सिंधुच्या गावची माणसं ट्रॅक्टर भरून आली आणि तो सीन आला की शिट्ट्या मारत होती. नवऱ्यानं तिला गावी नेऊन टाकलं. सासरच्यांनी रात्री तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. बाई टॉकीजला गेलेली, पळून जाईल म्हणून. त्र्याण्णवच्या सप्टेंबरची तीस तारीख, गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, त्या पहाटे चाराला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. सासरची माणसं अंगणात निजलेली, सगळी वाचली. माळवद, म्हणजे घराचं मातीचं जाड छत, सिंधुच्या खोलीवर आलं. तिकडून आलेल्या माणसानं टॉकीजच्या दारात उभं राहून सांगितलं, भिंत पडली पण चौकट उभी होती. आणि चौकटीला दार होतं. आणि दाराची कडी लावलेलीच होती.

अख्तरीबीनं त्याच आठवड्यात लातूर सोडलं.

आता परत त्या खोलीत चला.

अख्तरीबी खिडकीपाशी उभी. मागं मोबाईल चालूच. तिनं तो सीन कधी बघितला नव्हता. टॉकीजला लागला तेव्हासुद्धा ती त्या सीनला जिन्यात जाऊन बसायची. आता तिनं मान वळवली. छोट्याशा काचेत सिंधु दारापाशी आलेली. पाठमोरी. दोन्ही हातांनी दार बडवून राहिलेली.

पोरी आता हसत नव्हत्या. ऋतुजा म्हणाली, "ही खरीच भ्यालीय गं."

पिक्चर सगळा हिंदीत. सगळे आवाज मुंबईत मागून भरलेले. तिथपर्यंत किंकाळ्यासुद्धा दुसऱ्याच कुणा बाईच्या होत्या. मग ते गाणंबजावणं एकदम थांबलं. अन् मोबाईलमधून साधा, जवळचा आवाज आला.

"अख्तरीबी, दार उघड."

ऋतुजानं मोबाईल हातात उचलून धरला. "आं? ही मराठीत बोलली?"

मनतशा आजीकडं बघत होती. "दादी... तुझं नाव घेतलं तिनं."

अख्तरीबीनं मोबाईल हिसकावून घेतला, बटण दाबून बंद केला. "झोपा आता. सकाळी परीक्षा हाय."

"पण दादी..."

"झोप म्हणलं न्हवं?"

पोरीवर तिनं जन्मात आवाज चढवला नव्हता. मनतशा गप मच्छरदाणीत शिरली. लाईट बंद केली. घटकाभरात दोघींना झोप लागली.

अख्तरीबी बसूनच राहिली. येत होत्या तेवढ्या दुवा म्हटल्या. मनात ठरवलं, उजाडलं की पोरीला घेऊन निघायचं, टेस्ट गेली खड्ड्यात. एकदा वाटलं, आत्ताच उठवावी. पण रात्री एक वाजता कुठं नेणार, आणि काय सांगून? आपण काय केलं होतं ते नातीला सांगावं लागलं असतं. तेवढं धाडस तिला झालं नाही. ती म्हणायची, "भाऊ, तव्हा उठवली असती तर..." आणि पुढं बोलायची नाही.

दोन वाजले. तीन वाजले. केव्हातरी डोळा लागला.

जाग आली ती थंडीनं.

खोलीचं दार उघडं होतं. मनतशाच्या खाटेवर मच्छरदाणीचा एक पदर वर खोचलेला. खाट रिकामी.

बाथरूमला गेली असेल. अख्तरीबी उठली. बाहेर लांब पडवी, एका टोकाला चार बाथरूमं. पांढरी प्लास्टिकची दारं, आतून एक कडी, बाहेरून एक. शेवटच्या दाराखालून उजेड येत होता. आत नळ चालू. बादलीत पाणी पडल्याचा आवाज.

"मनतशा?"

"हाव दादी. आलेच."

पोरीचाच आवाज. अख्तरीबीच्या जिवात जीव आला. ती दारापाशी जाऊन उभी राहिली. सवयच होती तिची, बाई आत असली की दारावर उभं राहायची.

उभी राहिली, आणि तिला दिसलं.

बाहेरची कडी लावलेली होती.

पडवीत कुणी नव्हतं. सगळ्या खोल्यांची दारं मिटलेली. पोरगी आत, आणि कडी बाहेरून.

आतून मनतशानं दार ओढलं. दार थोडं हललं, अडलं.

"दादी, बाहेरून लागलीय का कडी?"

"लागलीय. थांब, काढते."

तिनं हात पुढं केला. उजवा हात. कडी मुठीत धरली. ओढली.

हात हलला नाही.

तिनं परत जोर केला. कडी जड नव्हती. नवी, हलकी कडी. जड हात होता. ती बाहेर ओढत होती, आणि तिचाच हात कडी आत दाबत होता.

डाव्या हातानं उजव्याची बोटं सोडवायला गेली. डावा हात उजव्यावर जाऊन बसला. तोही दाबायला लागला.

"दादी?"

तिला सांगायचं होतं, बेटा, मी काढतेय. तोंड उघडेना. दातावर दात गच्च बसलेले.

आत नळाचा आवाज बदलला. पाण्याचा राहिला नाही. काहीतरी जड, कोरडं... ओंजळी ओंजळीनं पडत असल्यासारखं.

"दादी, लवकर काढ ना."

...

"दादी, असं काय करून राहिलीस? मला भीती वाटतीया."

मग दारावर थापा. आधी एका हाताच्या. मग दोन्ही.

"दादी, दार उघड."

अख्तरीबीच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. पाय फरशीत रोवलेले. अंगातली सगळी ताकद ती दार उघडायला लावत होती, आणि ती सगळीच्या सगळी ताकद दार मिटायला जात होती. तिच्या ध्यानात आलं, मानेपाशी कुणाचा तरी श्वास आहे. गरम नाही. मातीतून येतो तसा, दमट. कुणी तिला धरलेलं नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. नुसतं मागं उभं राहून... बघत होतं.

"दार उघड... दार उघड..."

थापा उंचावरून पडत होत्या. मग खालून. पोरगी खाली बसली असावी.

मग थापा थांबल्या.

ते सगळ्यांत वाईट होतं, म्हणायची.

ऋतुजा धावत आली ती त्या थापांनी जागी होऊन. तिनं बघितलं ते असं. दादी बाथरूमच्या दाराला छाती लावून उभी, दोन्ही हातांनी कडी दाबून धरलेली. आतून मनतशाचा घुसमटल्यासारखा आवाज. ऋतुजानं आधी हाक मारली, मग हात ओढला, मग किंचाळली. आजूबाजूच्या पोरी आल्या. चार पोरींनी त्या सत्तरीतल्या म्हातारीला धरून ओढलं. जिन्यातून भामाबाई आली, तिनं बोटं एकेक करून उचकटायचा प्रयत्न केला. भामाबाई मला म्हणाली, "लोखंडाची बोटं असल्यागत होती. अन् बाई रडून राहिली होती. डोळ्यांनी विनवून राहिली होती आमाला, उघडा म्हणून."

मग आपोआप सुटली. हात गळून पडले, अख्तरीबी भिंतीला टेकून खाली बसली. भामाबाईची नजर पडवीतल्या घड्याळाकडं गेली. चाराला चार मिनिटं कमी होती.

कडी काढली. मनतशा आत कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. जिवंत होती. अंगावर ओरखडा नव्हता. पोरींनी तिला धरून बाहेर आणलं. अख्तरीबीनं बसल्या जागेवरून हात पसरले. पोरगी ऋतुजाच्या मागं झाली.

"आत कोण होतं, बेटा?" अख्तरीबीनं विचारलं. आता तिला बोलता येत होतं.

"आत कुणी नव्हतं." मनतशा हळू बोलत होती, परक्या माणसाशी बोलावं तसं. "तूच होतीस, दादी. मी रडून राहिले होते आन् तू बाहेरून सांगून राहिली होतीस. सारखी. जरा थांब गं, थोडंच राहिलंय... जरा थांब गं..."

ऋतुजा म्हणाली, "दादी न्हाई बोलल्या गं. तोंड मिटलेलं होतं त्यांचं. ओठातून रक्त येत होतं."

"मी ऐकलं ना," मनतशा म्हणाली. "माझ्या दादीचा आवाज मला कळत न्हाई का?"

दुपारी शारिक येऊन पोरीला घेऊन गेला. टेस्ट गेली, ते वर्षही गेलं. पुढं नांदेडला राहून ती नर्सिंग शिकली, आता नोकरीला आहे, बरं चाललंय. पण आजी खोलीत आली की ती उठून बाहेर जायची. आजीच्या हातचं जेवायची नाही. अख्तरीबीनं तिला सगळं खरं सांगितलं, सिंधुचं, कडीचं, काही राखलं नाही. मनतशानं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे तू पहिल्यांदापण धरून ठेवलं होतंस." एवढंच. दोन वर्षांनी अख्तरीबी गेली, तेव्हा पोरगी नांदेडहून आली, अंगणात उभी राहिली, आत आली नाही.

भूत उतरवता येतं म्हणतात. हे कुणी उतरवायचं?

मला अख्तरीबीनं त्याच रविवारी सकाळी भामाबाईच्या फोनवरून बोलावून घेतलं होतं. इथून चाकूरहून मी दहाला तिथं पोचलो. ती खाली ऑफिसात बाकड्यावर बसलेली, हात मांडीवर उताणे. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "गुरुपादभाऊ, वर जाऊन बघून या. मला बघवणार न्हाई. आत कसला आवाज व्हता ते बघा."

भामाबाईनं मला वर नेलं. पहाटेपासून त्या बाथरूमात कुणी गेलं नव्हतं. पोरी त्या टोकालाच जात नव्हत्या. दार उघडलं. लाईट तशीच जळत होती. नळ तसाच चालू, रात्रीपासून. खाली बादली.

बादलीत पाणी नव्हतं. काठोकाठ माती होती. पांढरी माती, माळवदावर पसरतात ती, मधेमधे भुसा. दुसऱ्या मजल्यावर, फरशीच्या बाथरूमात. आम्ही दोघांनी बादलीची कडी धरून उचलायला बघितली, जागची हलली नाही.

मी वाकून हात घातला. नळाची धार माझ्या मनगटावरून त्या मातीत पडत होती.

माती कोरडी होती.